कॉन्सर्टचा व्हिडिओ काढताय? आवाजाचं आधी बघा

मोबाईलचा माईक लाईव्ह प्रोग्रामला मार खातो, कारण तो आवाज आपोआप वर-खाली करत बसतो, म्हणजे तबला जोरात वाजला की गाणं एकदम मागे जातं आणि मग परत वर येतं, ऐकवत नाही अक्षरशः. त्यापेक्षा खिशात मावणारा छोटा रेकॉर्डर घ्या, झूम एच१ इसेन्शियल किंवा टॅस्कम डीआर-०५एक्स सारखा, साध्या पेन्सिल सेलवर चालतो आणि वजन तर जाणवतही नाही.

झूमवाल्यात ३२-बिट फ्लोट आहे, म्हणजे अगदी हळू ते अगदी मोठा आवाज न कापता साठवायची पद्धत, त्यामुळे लेव्हल (आवाज किती जोरात रेकॉर्ड होतो ते) सेट करायची कटकट नाही, पण म्हणून काहीही चालेल असं नाही हां, ढोल-ताशाच्या अगदी पुढ्यात धरलात तर आवाज माईकमध्येच फाटतो, तिथे कुठलंच बिट वाचवत नाही, चार पावलं मागे या. टॅस्कमवर ऑटो लेव्हल बंद ठेवा, सगळ्यात मोठा आवाज रेकॉर्डरच्या मीटरवर -१२ डेसिबलच्या आसपास राहू द्या.

सेटिंगमध्ये सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ ठेवून रेकॉर्ड करा, व्हिडिओचं तेच असतं. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा, एडिटिंगला रेकॉर्डरचा आवाज व्हिडिओशी जुळवायला सोपं जातं. स्पीकरच्या तोंडाशी उभं राहू नका. आणि जास्तीचे सेल! माझे एकदा ऐन भैरवीला संपले होते.