कोकणात होडीने फिरायला जाताय? आधी तिथी बघा

तारकर्ली, हर्णै, मुरूडला जाताना लोक हॉटेल महिनाभर आधी ठरवतात आणि होडीचं मात्र ‘तिकडे गेल्यावर बघू’ म्हणतात. खरं तर तारीखच समुद्र बघून ठरवावी. 26 मे ते 31 ऑगस्ट जलक्रीडा बंद असते. त्या काळात कुणी ‘ओळखीने नेतो’ म्हणाला, तर लांबूनच नमस्कार करा. मे सरत आला की वाराही भरवशाचा राहत नाही. 24 मे 2022 रोजी तारकर्लीत स्कूबाहून परतणारी बोट उलटून दोन पर्यटक दगावले.

मग कालनिर्णय काढा. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती आणि साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. हा ढोबळ हिशेब झाला. नेमकी वेळ तांडेलाला, म्हणजे होडी चालवणाऱ्यालाच विचारा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं. देवबागेत कर्ली नदी समुद्राला मिळते, तशा खाडीच्या मुखाशी तेव्हा पाण्याला जबर ओढ असते. शक्यतो सकाळीच निघा. दुपारनंतर खारा वारा जोर धरतो.

आदल्या दिवशी हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा वाचा. कुठे जाताय, कधी परतणार, हे मुक्कामाच्या घरी सांगून ठेवा. गाडी लागणाऱ्यांनी गोळी निघण्याआधीच घ्यावी. उपाशी जाऊ नये आणि तुडुंब जेवूनही नको. पिणाऱ्यांनी किनाऱ्यावरच थांबावं.

जेट्टीवर आधी होडीवर लिहिलेली प्रवासीसंख्या वाचा आणि माणसं मोजा. लहान मुलंही मोजायची, मांडीवरची धरून.

लाइफ जॅकेट सगळ्यांनी घालायचं, पोहता येणाऱ्यांनीसुद्धा. सगळे पट्टे लावा आणि कुणाला तरी खांद्याकडून जॅकेट वर ओढायला सांगा. ते कानापर्यंत आलं तर ढिलं आहे. मुलांना मोठ्यांचं जॅकेट चालत नाही, त्यातून मूल खाली निसटतं. मुलाच्या मापाचं नसेल तर ती फेरी सोडा, पैसे गेले तरी चालतील.

होडीत गडबड होते ती डॉल्फिन दिसल्यावर! सगळे एका बाजूला धावतात आणि होडी कलते. बसल्या जागेवरूनच बघा. तांडेल होडी वळवतो. होडी उलटलीच, तर किनारा जवळ दिसला तरी पोहत सुटू नका, होडीला धरून राहा. मोबाइल पाणी न शिरणाऱ्या पिशवीत गळ्यात ठेवा आणि त्यात तटरक्षक दलाचा 1554 आणि 112 हे नंबर आधीच घालून घ्या.