व्यवस्थापकाचे श्रेय कसे मोजावे

फुटबॉल क्लब जिंकला की व्यवस्थापकाची, म्हणजे संघ घडवणाऱ्या मुख्य प्रशिक्षकाची, मिरवणूक निघते आणि हरला की त्याचीच हकालपट्टी होते. या दोन्ही निकालांत घाई असते. एखाद्या व्यवस्थापकाचे योगदान किती, हे ठरवायचे असेल तर आधी एकच प्रश्न लिहून काढावा: हाच पैसा आणि हेच खेळाडू एखाद्या साधारण व्यवस्थापकाच्या हाती असते, तर संघ कितव्या स्थानी राहिला असता? त्या काल्पनिक स्थानाचा अंदाज घेतल्याशिवाय प्रत्यक्ष स्थानाला काही अर्थ येत नाही.

अंदाजाची सुरुवात पगारापासून करावी. अनेक वर्षांचे आकडे एकत्र पाहिले, तर खेळाडूंच्या पगारावर होणाऱ्या खर्चाचा क्रम आणि गुणतक्त्यातील क्रम बऱ्याच अंशी जुळतात. म्हणून लीगमधील क्लब पगारखर्चाच्या क्रमाने मांडावेत. इंग्लंडमधील क्लबांचे वार्षिक हिशेब सर्वांना पाहता येतात, त्यामुळे तिथे हे काम सोपे जाते. खेळाडूंच्या खरेदीची रक्कम त्याऐवजी वापरू नये, कारण ती एका उन्हाळ्यातील एका सौद्याची किंमत असते, तर पगारातून संपूर्ण संघाच्या गुणवत्तेचा बाजारभाव कळतो. पगारात बारावा असलेला संघ पाच हंगाम सातत्याने सातव्या-आठव्या स्थानी येत असेल, तर तिथे काहीतरी चांगले घडत आहे, असे मानायला जागा आहे. सर्वाधिक पगार देणाऱ्या क्लबला मात्र पहिल्याच्या वर जाता येत नाही. त्याच्या बाबतीत स्थानाऐवजी गुण पाहावेत.

यानंतर नशिबाचा वाटा काढून टाकावा लागतो, आणि बहुतेक चाहते इथेच चुकतात. फुटबॉलमध्ये गोल फार थोडे होतात, त्यामुळे दहा-बारा सामन्यांचे निकाल खांबाला लागून परतलेल्या दोन-चार चेंडूंवर फिरू शकतात. ‘अपेक्षित गोल’ हा आकडा यासाठीच उपयोगी पडतो: प्रत्येक फटका कोठून आणि कोणत्या स्थितीत मारला गेला यावरून तो गोल होण्याची शक्यता काढतात आणि त्या शक्यतांची बेरीज करतात. संघाचे अपेक्षित गोल चांगले आणि निकाल वाईट असतील, तर व्यवस्थापकाला दोष देण्यापूर्वी थांबावे. २०१४-१५ च्या हंगामात युर्गेन क्लॉप यांचा जर्मनीतील डॉर्टमंड संघ १७ सामन्यांनंतर १५ गुणांसह शेवटून दुसरा होता. क्लबने त्यांना काढले नाही. त्याच व्यवस्थापकाच्या हाताखाली उरलेल्या १७ सामन्यांत संघाने ३१ गुण मिळवले आणि सातवे स्थान गाठले.

त्या हिवाळ्यात नवा माणूस आणला असता, तर या ३१ गुणांचे श्रेय निःसंशय त्याला मिळाले असते. हकालपट्टीनंतर येणारी उसळी नेमकी अशीच फसवते. नेदरलँड्समधील १९८६ ते २००४ या काळातील क्लबांच्या अभ्यासात व्यवस्थापक बदललेले संघ आणि तितकीच घसरण होऊनही न बदललेले संघ यांची तुलना केली गेली, तेव्हा दोन्ही गट सारखेच सावरलेले दिसले. म्हणून नव्या व्यवस्थापकाच्या पहिल्या सहा सामन्यांवरून मत बनवू नये. निदान एक पूर्ण हंगाम जाऊ द्यावा.

मग वारशाकडे वळावे. अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांनी २०१२-१३ मध्ये इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेडला ८९ गुणांसह विजेतेपद मिळवून दिले आणि पुढच्याच हंगामात संघ ६४ गुणांसह सातवा आला. पंचवीस गुणांची ही दरी म्हणजे फर्ग्युसन आणि त्यांच्या जागी आलेले डेव्हिड मोयेस यांच्यातील फरक, असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. बचावफळी वयस्कर झाली होती आणि मुख्य कार्यकारी अधिकारी डेव्हिड गिल यांनीही त्याच उन्हाळ्यात पद सोडले होते. लेस्टर सिटीचेही तसेच आहे. २०१५-१६ मध्ये क्लॉडिओ रानिएरी यांनी ८१ गुणांनिशी लीग जिंकली हे अद्भुतच आहे. पण आधीचे व्यवस्थापक नायजेल पिअर्सन यांच्या काळात, आधीच्या हंगामातील शेवटच्या नऊपैकी सात सामने जिंकलेला संघ त्यांना मिळाला होता. विजेतेपदानंतर मधल्या फळीतील एन्गोलो कान्टे चेल्सीकडे गेला, लेस्टरची घसरण झाली आणि २०१७ च्या फेब्रुवारीत रानिएरींना काढण्यात आले.

एवढी वजाबाकी झाल्यावर उरलेल्या श्रेयाचा मैदानावरचा पुरावा शोधावा, म्हणजे तारीख सांगता येईल असा निर्णय. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये आर्सेनलकडून ०-३ असा पराभव होत असताना चेल्सीच्या अँटोनियो कॉन्टे यांनी तीन बचावपटूंची रचना आणली आणि पुढच्या सामन्यापासून लीगमध्ये सलग १३ विजय मिळवले. व्हिक्टर मोझेससारखा बाजूला पडलेला खेळाडू त्या रचनेत पक्का झाला. त्या वर्षी चेल्सी युरोपीय स्पर्धेत नव्हता, म्हणून सरावाला पूर्ण आठवडा मिळत होता, हेही नोंदवावे. तरीही हा बदल कोणी केला याविषयी शंका उरत नाही. खेळाडूंची निवड क्रीडा संचालकाकडे असेल, तर खरेदीचे श्रेय-अपश्रेय व्यवस्थापकाच्या खात्यात धरू नये.

शेवटी त्याच माणसाची दुसऱ्या क्लबांतील कामगिरी पाहावी. ब्रायन क्लफ यांनी १९७२ मध्ये डर्बी काउंटीला इंग्लंडचा विजेता केले, १९७४ मध्ये लीड्समध्ये ते केवळ ४४ दिवस टिकले आणि १९७५ मध्ये दुसऱ्या श्रेणीतील नॉटिंगहॅम फॉरेस्टमध्ये आले. पहिल्या दोन हंगामांत फॉरेस्ट सोळावा आणि आठवा होता. १९७६ मध्ये डर्बीतील त्यांचे जुने सहकारी पीटर टेलर सोबत आले. १९७७ मध्ये संघ वरच्या श्रेणीत गेला, १९७८ मध्ये लीग जिंकली, १९७९ आणि १९८० मध्ये युरोपियन कप, म्हणजे युरोपातील क्लबांची सर्वोच्च स्पर्धा. लीड्समध्ये टेलर नव्हते. १९८२ मध्ये टेलर फॉरेस्ट सोडून गेल्यानंतर क्लफ यांनी १९८९ आणि १९९० मध्ये लीग कप ही बाद पद्धतीची वेगळी स्पर्धा जिंकली, पण लीग किंवा युरोपियन कप पुन्हा नाही. अशा ठिकाणी श्रेयाच्या रकान्यात दोन नावे लिहावीत.