वाळवंटात सगळ्यांच्या ताटासाठी शेत कसं लावावं

पहिल्या वर्षी एप्रिलमध्ये आमच्या सामुदायिक शेतात एवढा पालक निघाला की घ्यायला माणसं मिळेनात. जूनमध्ये क्रेट रिकामे. आणि गरज नेमकी जूनमध्ये वाढते. शाळांना सुट्ट्या लागतात, मुलांचं शाळेतलं जेवण थांबतं, अन्नवाटपाच्या रांगा लांबतात, पारा चाळिशी ओलांडतो. म्हणून पहिला सल्ला हा, की वाळवंटातल्या शेताचं नियोजन जूनपासून मागे मागे येत करा. तेव्हा कुणाच्या ताटात काय पडणार, हे आधी ठरवा. पेरणीची तारीख त्यातून आपोआप निघते.

मी लिहितोय ते ॲरिझोनातल्या टूसॉनबद्दल, सोनोरन वाळवंटातल्या गावाबद्दल. वर्षाचा पाऊस जेमतेम ३०० मिलिमीटर. आपला दुष्काळी माणदेशसुद्धा याहून ओला. त्यातला निम्मा पाऊस जुलै ते सप्टेंबरमध्ये पडतो आणि त्याला इथे मॉन्सूनच म्हणतात. तरीही या खोऱ्यात चार हजार वर्षांपासून शेती आहे. युनेस्कोने २०१५ मध्ये टूसॉनला खाद्यसंस्कृतीचं शहर म्हणून निवडलं, त्यामागे हाच वारसा होता. सांताक्रूझ नदीच्या काठी फूड बँकेचं, म्हणजे गरजूंना अन्न वाटणाऱ्या संस्थेचं, लास मिल्पितास हे सामुदायिक शेत आहे. आमचं त्यापेक्षा खूप लहान, एका जुन्या मोकळ्या प्लॉटवरचं.

१. रांगेतल्या लोकांना विचारा

बियांचा कॅटलॉग नंतर उघडा. आम्ही हौसेने केल ही कोबीच्या कुळातली पालेभाजी लावली आणि ती तशीच परत आली. मग वही घेऊन रांगेत उभे राहिलो. मेक्सिकन कुटुंबांना मिरची, कोथिंबीर, कोवळे भोपळे हवे होते. भूतानहून आलेल्या नेपाळी आजींनी मोहरीचा पाला मागितला. एका शेजारणीने मी खुरपून फेकलेलं तण उचललं आणि म्हणाली, हे का टाकताय? ती घोळ होती. आपली घोळाची भाजी! स्पॅनिशमध्ये तिला ‘वेर्दोलागास’ म्हणतात. पावसानंतर फुकट उगवते, तिला पाणी द्यावं लागत नाही. तेव्हापासून एक वाफा आम्ही मुद्दाम खुरपत नाही.

२. जमिनीत पहार घालून बघा

इथे वरची माती हातभर, खाली चुन्याचा घट्ट थर. त्याला ‘कलीची’ म्हणतात आणि तो काँक्रीटसारखा वाजतो. फूटभर खोल खड्डा खणा, पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी दिसलं तर निचरा नाही. दुसरी जागा बघा किंवा थर फोडायची तयारी ठेवा. मातीची तपासणी करताना क्षारांबरोबर शिसंही तपासून घ्या. अमेरिकेत घरांसाठीच्या शिसंयुक्त रंगावर १९७८ मध्ये बंदी आली. त्याआधीच्या घरांभोवतीच्या मातीत ते असू शकतं.

जागेचा करार लेखी आणि किमान पाच वर्षांचा करा. माती सुधारायलाच दोन वर्षं जातात. तिसऱ्या वर्षी मालकाला तिथे पार्किंग हवं झालं, तर सगळी मेहनत त्याच्या डांबराखाली जाते.

३. पाण्याचा हिशेब कागदावर मांडा

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. जूनच्या उन्हात पीक आणि माती मिळून दिवसाला साधारण ८ ते १० मिलिमीटर पाणी उडवतात. म्हणजे १०० चौरस मीटर भरल्या वाफ्यांना रोज ८०० ते १,००० लिटर. हा आकडा पाहिला की उत्साह जागेवर येतो. उन्हाळ्यात निम्मे वाफे आच्छादन घालून झोपवून ठेवण्यात काहीही कमीपणा नाही.

छताचं पाणी सोडू नका. १०० चौरस मीटरच्या पत्र्यावर २५ मिलिमीटरची एक सर पडली की अडीच हजार लिटर येतं, थोडं वाया जातं तेवढं सोडून. टाकी नसेल तर चर खणून ते थेट झाडांकडे वळवा.

नळाच्या पाण्याबद्दल एक गोष्ट लवकर कळलेली बरी. टूसॉनच्या पाण्यात ५४० किलोमीटर कालव्याने आलेलं कोलोरॅडो नदीचं पाणी असतं आणि त्यात क्षार असतात. ठिबक रोज पाच मिनिटं चालवलं तर पाणी उडून जातं, मीठ वरच साचतं, पानांच्या कडा करपतात. लोकांना वाटतं पाणी कमी पडलं. कमी वेळा पण खोल पाणी द्या आणि पुढची पाळी वापसा बघूनच, म्हणजे माती ओलसर पण चिकट नाही अशी झाल्यावर.

४. वाफे खाली न्या

पुस्तकं, व्हिडिओ, शेजारी, सगळे गादीवाफे करायला सांगतील. ओल्या प्रदेशात ते ठीक. इथे उंचावरची माती चारही बाजूंनी भाजते. वाफा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीतभर खोल ठेवा. पावसाचं पाणी आपण होऊन आत येतं आणि गरम वारा रोपांवरून निघून जातो. या भागातल्या तोहोनो ओओधम लोकांनी तर ओढ्यांच्या मुखाशी, पुराचं पाणी पसरतं तिथेच शेतं केली.

कंपोस्ट भरपूर मिसळा. ताजं शेण घातलं तर मातीला टेकणाऱ्या पिकांच्या काढणीआधी १२० दिवस जाऊ द्या. बाहेरून खत आणलंत तर आधी कुंडीत घालून त्यात घेवडा पेरून पाहा. पानं वेडीवाकडी आली तर त्यात तणनाशकाचा अंश आहे. ही कुंडीची चाचणी आम्ही एकदा टाळली आणि अख्खा वाफा गेला.

वाफ्यावर चार बोटं जाड लाकडाच्या ढलप्या पसरा. मिरची-वांग्यांवर मेपासून ३० ते ५० टक्के सावलीचं शेडनेट. रोपांमध्ये बिनझिलईची मातीची मडकी गळ्यापर्यंत पुरा, भरून झाकण ठेवा. पाझरेल तेवढंच पाणी मुळं घेतात. आपल्याकडचं मटका सिंचन इथे ‘ओया’ नावाने भेटलं, तेव्हा मला कोण आनंद झाला!

५. जून हातात धरून पेरा

ऑक्टोबरमध्ये लसूण आणि कांदा लावा. मेमध्ये निघतात, सावलीत वाळवून जूनच्या क्रेटमध्ये जातात. त्याच सुमारास गाजर, मुळा, मेथी, पालेभाज्या; त्या मात्र दर तीन आठवड्यांनी थोड्या थोड्या पेरा, एकदम पेरून आमच्यासारखे फसू नका. टोमॅटोची रोपं मार्चच्या मध्यावर, थंडीचा कडाका ओसरला की लगेच. उशीर केलात तर झाडं हिरवीगार राहतील, पण ३५ अंशांपलीकडे फळ धरत नाहीत.

एप्रिलमध्ये भेंडी, चवळी, गवार. ही मंडळी उन्हात खुलतात. सोबत आर्मेनियन काकडी. जातीने ती खरबूज, चवीला काकडी, आणि उन्हाला जुमानत नाही.

मॉन्सूनचा पहिला चांगला पाऊस झाला की तेपारी पेरा. हा राजम्याचा वाळवंटी भाऊ, गुण मात्र आपल्या मटकीचे. ओओधम लोक त्याला ‘बावी’ म्हणतात. अडीच-तीन महिन्यांत तयार होतो. जास्त पाणी दिलं तर नुसता पाला वाढतो. शेंगा वाळल्या की झोडपून, पाखडून, बंद डब्यात ठेवा. पुढच्या जूनची खरी तरतूद हीच.

कुंपणाला मेस्कीट असेल तर तोडू नका. आपल्या वेड्या बाभळीच्या या भावंडाच्या शेंगा गोड असतात, त्यांचं पीठ होतं. मात्र त्या पावसाआधी झाडावरूनच उतरवा. भिजलेल्या शेंगांना बुरशी लागते.

६. तोडणी आणि वाटप

जूनमध्ये काम पहाटे पाच ते आठ. आठनंतर कुणी थांबायचं नाही, कितीही उत्साह असो. भाजी तोडली की सावली, गार पाणी, ओलं गोणपाट आणि तासाभरात थंड खोली. वाटपाच्या आदल्या दिवशी फूड बँकेला फोन करून फ्रिजमध्ये जागा आहे ना, ते विचारा. दिलेल्या भाजीने कुणी आजारी पडलं तर काय, या भीतीने बरेच जण मागे सरतात. सद्भावनेने अन्नदान करणाऱ्याला अमेरिकेत १९९६ च्या कायद्याने संरक्षण आहे. निष्काळजीपणाची हद्द झाली तर मात्र नाही.

तराजू दाराशीच ठेवा. काय किती गेलं आणि काय परत आलं, दोन्ही लिहा. परत आलेल्याची यादी पुढच्या पेरणीला जास्त उपयोगी पडते.

तेपारीच्या पिशवीत चिठ्ठी घालायला विसरू नका, इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हींत: रात्रभर भिजवा, दुसऱ्या दिवशी मंद आचेवर दोन-तीन तास शिजवा, मीठ शेवटी. चिठ्ठीशिवाय दिलेली पहिली खेप दोन दिवसांत तक्रारींसह परत आली होती, दाणा शिजतच नाही म्हणून.