मुलांचे लहान झालेले कपडे एकमेकांत फिरवताय? या चुका टाळा

पहिल्या वर्षात बाळ साधारण २५ सेंटिमीटर वाढतं, म्हणजे बारशाला आलेले फ्रॉक आणि झबली तीन-चार महिन्यांत गळ्यातून जाईनाशी होतात आणि कपाटात नवीच्या नवी पडून राहतात. तिकडे शेजारच्या घरात दुसरं बाळ येणार असतं, गोवा सरकारच्या गृह आधार योजनेचे महिन्याचे १५०० रुपये गॅस आणि किराण्यातच जातात, नवे कपडे कुठून घेणार. म्हणून आमच्या फोंडा-डिचोलीकडे बऱ्याच वाड्यांवर बायका आता कपडे आपापसात फिरवतात. फार चांगली गोष्ट आहे, मनापासून सांगते, पण कित्येक ठिकाणी ती सुरू होते आणि थोड्या दिवसांत बंद पडते, आणि कारणं बहुतेक तीच तीच असतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे एकाला एक हिशोब. मी पाच दिले, मला पाच पाहिजेत असं धरून बसलं की जिच्याकडे द्यायला काहीच नाही ती बाई येतच नाही, आणि खरी गरज तिलाच असते. शिवाय हा हिशोब कधी जुळणारच नाही. तान्ह्या बाळाचा कपडा झिजायच्या आधीच लहान होतो त्यामुळे त्याचे ढीग पडतात, पण सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांच्या पँटी गुडघ्यावर फाटेपर्यंत वापरल्या जातात, त्या फिरायला उरतात कुठे? मग मोठ्या मुलाची आई दोनदा रिकाम्या हाताने परत जाते आणि तिसऱ्यांदा येत नाही. यावर सोपा उपाय म्हणजे घरांची साखळी लावायची. दोन वर्षांनंतर मुलं वर्षाला पाच-सहा सेंटिमीटरच वाढतात, त्यामुळे आपल्यापेक्षा दोन वर्षांनी मोठं मूल असलेलं एक घर बघून ठेवा आणि अगोदरच सांगा, वहिनी, तुमच्याला होईनाशी झाली की पँट आमच्याकडे द्या, आणि गुडघ्याला आतून जुन्या जीन्सचा तुकडा आत्ताच लावून ठेवा, फाटल्यावर नको.

आणखी एक, दिला म्हणजे कायमचा दिला की वापरून परत द्यायचा हे बोलायला लाज वाटते म्हणून कोणी बोलत नाही, आणि मग वर्षभराने आजीने शिवलेल्या झबल्यावरून दोन घरांत बोलणं बंद होतं. परत पाहिजे असेल तर देतानाच सांगा आणि कॉलरच्या आत लाल दोऱ्याचा एक टाका घाला, टाका दिसला की कपडा परत जायचा. ज्याच्यात जीव अडकलाय तो कपडा देऊच नका, त्यात काही वाईट नाही.

साइज वयावरून ठरवू नका. एका कंपनीचा ४-५ वर्षांचा शर्ट तीन वर्षांच्या मुलाला बसतो, दुसरीचा सहा वर्षांच्याला, आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलेल्या कपड्यावर नुसता नंबर, तोही धुऊन धुऊन पुसलेला. कपडा सपाट पसरून खांद्यापासून खालपर्यंतची लांबी आणि कंबर मोजा, चिकटपट्टीवर पेनाने लिहून लावा. मुलाची उंची अंगणवाडीत मोजतात, तीच विचारून घ्या.

आता पावसाचं. गोव्यात जून ते सप्टेंबर दोरीवरचा कपडा दोन दोन दिवस सुकत नाही, आणि किंचित ओला कपडा पिशवीत बांधला की चवथीला उघडताना काळे ठिपके आणि कुबट वास. म्हणून कपडे फिरवायचं काम मे महिन्यातच उरका, कडक उन्हात उलटे करून वाळवा, शिवणी आणि इलॅस्टिक हाताला कोरडी लागली की मगच डब्यात. वास लागलाच असेल तर पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर घालून अर्धा तास भिजवा, पण त्यात ब्लीच अजिबात घालू नका, दोन्ही मिसळले की विषारी वायू सुटतो. युनिफॉर्मचं मात्र मेपर्यंत थांबू नका. २०२५ साली गोव्यात सहावीपासून पुढच्या बहुतेक वर्गांची शाळा एप्रिलमध्येच सुरू झाली, त्यामुळे युनिफॉर्म मार्चमध्येच विचारायला लागा.

डागांचंही बघा. काजूच्या बोंडूचा रस पडलेला फ्रॉक आज स्वच्छ दिसतो, धुऊन ठेवला की काही दिवसांनी तपकिरी होतो आणि मग काही केल्या जात नाही, म्हणून काजूच्या दिवसांतले कपडे देण्याआधी उजेडात धरून नीट बघा, आणि डाग राहिलाच तर घरात घालायला म्हणून सांगून द्या, गुपचूप ढिगात घालू नका. तांबड्या मातीचा डाग ओला असताना चोळला की आणखी आत जातो. सुकू द्या, ब्रशने झाडा, मग साबण. त्यावर ब्लीच घातलं की मातीतल्या लोखंडाचा डाग उलट पक्का होतो.

तान्ह्या बाळाच्या कपड्यांत डांबराच्या गोळ्या कधीच ठेवू नका, ही चूक खरंच महागात पडते. काही बाळांना जन्मतःच जी-सिक्स-पी-डी नावाच्या एन्झाइमची कमतरता असते, घरात कोणाला माहीतही नसतं, आणि अशा बाळाला गोळ्यांचा वास मुरलेला कपडा घातला तर रक्तातल्या लाल पेशी फुटून जोरात कावीळ होऊ शकते. कापूर पण नको. असा कपडा आला तर तान्ह्या बाळाला घालूच नका, मोठ्या मुलाचा असेल तर धुऊन वास पूर्ण जाईपर्यंत बरेच दिवस वाऱ्यावर टाका. दिलेल्या घरात कोणाला खरूज झाली असेल तर कपडे गरम पाण्यात धुवा, नाहीतर पिशवीत गच्च बांधून आठवडाभर बाजूला ठेवा, अंगापासून लांब खरजेचे किडे दोन-तीन दिवसांपलीकडे जगत नाहीत. सैल बटणं ओढून बघा, टोपीची नाडी काढून टाका.

एक गोष्ट मला फार लागते. कपडा घेणाऱ्याचा फोटो काढून वाड्याच्या ग्रुपवर टाकायचा, किंवा मुलाच्या तोंडावर "अरे हा तर आमच्याचा शर्ट" म्हणायचं. मोठी माणसं गिळून टाकतात, पण आठ वर्षांचं पोर तो शर्ट पुन्हा अंगाला लावत नाही. आपल्याकडे बऱ्याच घरांत बारशापर्यंत बाळाला नवं घालतच नाहीत, आजीच्या मऊ लुगड्याचं दुपटं लागतं, मग वापरलेल्या कपड्याची लाज कसली? पोराला तीन-चार शर्ट दाखवा आणि त्यालाच निवडू द्या, हवं तर बटणं बदलून द्या.

आतले कपडे फिरवू नका, आणि चपला-बूटही नकोत, दुसऱ्याच्या पायाच्या ठेवणीने झिजलेले असतात. रेनकोट मात्र जरूर द्या, घडी घालण्याआधी आतून टाल्कम पावडर भुरभुरली की प्लास्टिक एकमेकांना चिकटत नाही. जे फाटलंय ते गोधडीच्या पिशवीत वेगळं टाका, चांगल्या ढिगात नको.