रतनवाडी ते खिरेश्वर, पाठीवर सात किलो

रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिरापासून निघून कात्राबाईच्या खिंडीने कुमशेत, तेथून पाचनई, पाचनईहून हरिश्चंद्रगड आणि शेवटी टोलार खिंडीने खिरेश्वरला उतार, ही दोन मुक्कामांची वाट सह्याद्रीत भटकणाऱ्यांच्या चांगल्या परिचयाची आहे. मी ती पहिल्यांदा चाललो तेव्हा माझ्या पाठीवर सतरा किलोंचे ओझे होते. कात्राबाईच्या चढावर मी दर पन्नास पावलांनी थांबत होतो आणि सोबतचा वाटाड्या खांद्यावर घोंगडी व हातात काठी एवढ्यावर पुढे जाऊन माझी वाट पाहत बसत होता. मुक्कामाला सॅक उपसली, तेव्हा तीन पँट, दोन टॉर्च, अर्धा किलो कांदे, लोखंडी तवा आणि एक जाडजूड कादंबरी बाहेर आली. यातील प्रत्येक वस्तू कोणत्या ना कोणत्या धास्तीपोटी घेतलेली होती आणि तिन्ही दिवसांत त्यांपैकी बहुतेकांना हातही लागला नाही. आता तीच वाट मी सुमारे सात किलोंत चालतो. त्यासाठी महागडे परदेशी साहित्य घेण्याची गरज पडली नाही, मात्र कामाचा क्रम नीट लावावा लागला. तो क्रम हिवाळ्यातील, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळातील, भटकंतीसाठी येथे दिला आहे. पावसाळ्याचे गणित वेगळे असते.

काटा आणि वही

पहिले साधन म्हणजे स्वयंपाकघरातील ग्रॅममध्ये मोजणारा काटा. घरात असलेले सर्व सामान जमिनीवर मांडावे, प्रत्येक वस्तू तोलावी आणि वजन वहीत लिहावे. अन्न, पाणी आणि इंधन वाटेत संपत जाते, म्हणून ते बाजूला ठेवून उरलेल्या सामानाची बेरीज करावी. हलक्या भटकंतीत याच बेरजेला महत्त्व असते. परदेशातील हौशी मंडळी ही बेरीज नऊ किलोंच्या आत आली की तिला हलकी आणि साडेचार किलोंच्या आत आली की अतिहलकी म्हणतात. आपल्याकडे हिमवर्षाव नाही आणि वाटेत गावे आहेत, त्यामुळे चार किलो हे उद्दिष्ट मुळीच अवघड नाही.

बेरीज झाली की सर्वांत जड तीन-चार ओळींकडे पाहावे. त्या जवळजवळ नेहमी सॅक, तंबू, अंथरूण-पांघरूण आणि भांडी याच असतात. टूथब्रशचा दांडा कापून दोन ग्रॅम वाचवण्याच्या गोष्टी पुष्कळ चवीने सांगितल्या जातात, परंतु तीन किलोंचा तंबू पाठीवर असताना त्या निव्वळ करमणुकीच्या आहेत. स्टीलच्या बाटलीऐवजी पाण्याची साधी प्लॅस्टिकची बाटली घेतली तरी दर बाटलीमागे बरेच वजन कमी होते, आणि खर्च काहीच होत नाही. याउलट टॉर्च, प्रथमोपचाराची पिशवी, शिट्टी, रात्रीसाठी एक गरम कपडा आणि पुरेसे पाणी यांना कधीही कात्री लावू नये. पाण्याचे ओझे कमी करण्याचा खरा उपाय म्हणजे पुढचे पाणी नेमके कोठे आहे हे ठाऊक असणे. जानेवारीनंतर ओढे आटू लागतात, म्हणून रतनवाडीत आणि कुमशेतमध्ये गावकऱ्यांना विचारूनच दोन लिटर भरायचे की तीन हे ठरवावे. हरिश्चंद्रगडावर मंदिराजवळच्या टाक्यांत पाणी मिळते. ते फडक्याने गाळून, उकळून किंवा क्लोरिनचे थेंब घालूनच प्यावे.

निवारा आणि अंथरूण

तंबूच्या जागी ताडपत्रीसारखे एकच कापड ताणून केलेला निवारा हा वजन घटवण्याचा सर्वांत मोठा टप्पा आहे. बाजारात ज्याला पॅराशूट कापड म्हणतात, ते आतून लेप दिलेले पातळ नायलॉन पुण्यात रविवार पेठेतील बोहरी आळीसारख्या ठिकाणी मिळू शकते. घेताना दुकानातच कापडाला तोंड लावून जोरात फुंकर मारावी. हवा पलीकडे गेली, तर पाणीही जाईल. तीन मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद निवाऱ्यासाठी दोन पट्टे मधोमध जोडावे लागतात. कापडाचे वजन चौरस मीटरला साठ ग्रॅम धरले, तर सगळा निवारा दोऱ्यांसह साधारण साडेपाचशे ग्रॅममध्ये बसतो.

शिवणकामात नवखा माणूस दोन चुका हमखास करतो. पहिली म्हणजे सुती दोरा वापरणे. तो पाणी पितो आणि काही काळाने कुजतो, त्यामुळे पॉलिएस्टरचाच दोरा घ्यावा. दुसरी म्हणजे टाके फार बारीक घालणे. बारीक टाक्यांनी कापडाला ओळीने भोके पडतात आणि ताण आला की ते टपाल तिकिटासारखे तेथेच फाटते. टाका तीन मिलिमीटरचा असावा. मधला जोड देताना दोन्ही पट्ट्यांच्या कडा एकमेकींत अडकवून दुमडाव्यात आणि त्यावर दोन समांतर शिवणी माराव्यात, म्हणजे जोडाची कच्ची कड कोठेही उघडी राहत नाही. कोपऱ्यांवर आणि कडांच्या मध्यावर कापडाचा दुहेरी तुकडा लावून त्यात खाटेला विणतात त्या निवारीच्या पट्टीचे फास शिवावेत, कारण दोरीचा सगळा ओढा तेथे येतो. हे सर्व घरच्या साध्या शिलाई मशीनवर होते.

जमिनीवर अंथरायला जुन्या जाहिरातींचे फ्लेक्स वापरण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ते फुकट मिळते हे खरे, परंतु त्याचे वजन चौरस मीटरला तीनशे ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक असते. त्याऐवजी शंभर मायक्रॉनचे साधे प्लॅस्टिक दोन मीटर बाय एक मीटर कापून घेतले, तर ते दोनशे ग्रॅमच्या आत राहते. त्यावर पॅकिंगमध्ये वापरतात तसल्या फोमचा, खांद्यापासून कमरेच्या खालपर्यंत पुरेल एवढाच तुकडा टाकावा आणि पायांखाली रिकामी सॅक घ्यावी.

पांघरुणाबाबत थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे. स्लीपिंग बॅगचा जो भाग अंगाखाली येतो तो दाबला जातो, त्यातील हवा निघून जाते आणि मग तो ऊब देत नाही. ऊब दाबलेला कापूस देत नसून त्यात अडकलेली हवा देते, म्हणून खालचा भाग पूर्णपणे वगळून फक्त वरून पांघरायची रजई शिवली तर काहीच बिघडत नाही. अंगाखालची थंडी अडवण्याचे काम फोम करतो. दोन मीटर बाय एक मीटर तीस सेंटिमीटर मापाचे पातळ नायलॉनचे दोन तुकडे घेऊन त्यांच्यामध्ये चौरस मीटरला दीडशे ग्रॅम वजनाची कृत्रिम धाग्यांची गादी घालावी, म्हणजे सुमारे सातशे ग्रॅमची रजई होते. पायांकडील कड दुमडून पिशवीसारखी शिवून टाकावी. येथे आपल्या घरातील गोधडीचे कसब मात्र विसरावे लागते. गोधडीला आजी जो दाट धावदोरा घालत असे, त्याने ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते, पण दाट टाक्यांमुळे ती सपाट होते आणि तिच्यात हवा राहत नाही. रजईला वीत-दीड वीत अंतरावर एकेक सैल टाका पुरेसा आहे. डिसेंबर-जानेवारीत गडावर पारा दहा अंशांच्या खालीही जातो. अशा रात्री कानटोपीसह अंगावर असतील ते सर्व कपडे घालूनच ही रजई पांघरावी.

मुक्कामाचे नियम गडागणिक निराळे आहेत. ही वाट कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातून जाते, म्हणून निवारा कोठे उभारता येईल हे वन विभागाकडून आणि गावातून आधी विचारून घ्यावे.

शिदोरी

दिवसाला सहाशे ग्रॅम कोरडे अन्न हा माझा अंदाज आहे आणि तो सहसा चुकत नाही. तेला-तुपाच्या एका ग्रॅममधून नऊ कॅलरी मिळतात, पिठा-साखरेतून चार, आणि ताज्या भाजीत बहुतांशी पाणीच असते. कांदे-बटाटे वाहून नेणे म्हणजे पाणी वाहून नेणे होय. शेंगदाण्यात शंभर ग्रॅमला साडेपाचशेहून अधिक कॅलरी असल्याने दाणे-गुळाचा लाडू हा वजनाच्या हिशोबात उत्तम ठरतो, आणि भूकलाडू-तहानलाडू देणाऱ्या गोष्टींतील आयांना हे कोणी शिकवावे लागले नव्हते.

चूल न नेताही दोन दिवस उत्तम जेवता येते. दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात आणि त्यांच्यासोबत दाण्याची कोरडी चटणी पुरते. भाजलेले गहू, डाळवे, जिरे आणि सुंठ यांचे सातूचे पीठ गूळ घालून थंड पाण्यात कालवले की न्याहारी तयार होते. पातळ पोह्यांत घरीच केलेली कोरडी फोडणी, सुके खोबरे, मेतकूट आणि मीठ मिसळून न्यावे, आणि खाण्याआधी पाण्याचा हबका मारून दहा मिनिटे दडपून ठेवावे. शिवाय पाचनईत आणि गडावरही गावकऱ्यांकडे पिठले-भाकरी मिळते. ती आदल्या दिवशी फोनवर सांगून ठेवली, तर एका जेवणाचे वजन कमी होते आणि पैसा गावात राहतो.

गरम खायचे असेल, तर शिजवण्याचे काम घरी उरकून डोंगरात फक्त आधण ठेवावे. उंचावर पाणी कमी तापमानाला उकळते. हरिश्चंद्रगड सुमारे १४०० मीटर उंच आहे आणि तेथे पाणी साधारण ९५ अंशांलाच उकळू लागते, त्यामुळे कच्ची तूरडाळ लवकर शिजत नाही व इंधन मात्र संपते. रवा घरीच तेलात मोहरी, उडीद डाळ, कढीलिंब आणि मिरचीच्या फोडणीवर खमंग भाजून, मीठ घालून, थंड झाल्यावर पिशवीत भरावा. मुक्कामाला एक वाटी रव्यास अडीच वाट्या उकळते पाणी घालून ढवळावे, भांडे लगेच चुलीवरून उतरवून झाकावे आणि आवरणात गुंडाळून दहा मिनिटे ठेवावे. हे आवरण गाडीच्या काचेला उन्हासाठी लावतात त्या चकचकीत पडद्याच्या तुकड्यापासून, पातेल्याच्या मापाने, चिकटपट्टी लावून करता येते. उपमा त्यात स्वतःच्या वाफेवर मुरतो. खरपूस भाजलेल्या बेसनाचे कोरडे पिठलेही असेच होते, फक्त पाणी तिप्पट लागते आणि एक उकळी जास्त द्यावी लागते.

चूल

स्पिरिटवर चालणारी चूल ही घरी करण्याच्या साहित्यातील सर्वांत सोपी वस्तू आहे. सात-आठ सेंटिमीटर व्यासाचा आणि चारेक सेंटिमीटर उंचीचा पत्र्याचा बसका डबा घ्यावा, त्याच्या काठाखाली कागद टोचायच्या पंचने सोळा भोके पाडावीत आणि त्याखाली, वरच्या दोन भोकांच्या मधोमध येईल अशा बेताने, दुसरी ओळ पाडावी. डब्यात पंचवीस मिलिलिटर स्पिरिट ओतून पेटवावे, अर्धा मिनिट तापू द्यावे आणि मग पातेले थेट डब्यावर ठेवावे. ज्योत भोकांतून बाहेर येते. वारा अडवण्यासाठी जाड ॲल्युमिनियम फॉइलचा पट्टा पातेल्याभोवती बोटभर अंतर सोडून उभा केला, तर एवढ्या स्पिरिटात अर्धा लिटर पाणी उकळते. दोन मुक्कामांना दीडशे मिलिलिटर पुरते. फ्रेंच पॉलिशसाठी वापरतात ते स्पिरिट चालते, थिनर मुळीच चालत नाही.

या चुलीचा धोका तिच्या साधेपणातच आहे. स्पिरिटची ज्योत दिवसा दिसत नाही, त्यामुळे चूल विझली असे समजून वरून स्पिरिट ओतणारा माणूस हात भाजून घेतो. चूल पूर्ण थंड झाल्याखेरीज ती पुन्हा भरू नये. स्पिरिट विषारी असते, म्हणून ते पाण्याच्या बाटलीसारख्या दिसणाऱ्या बाटलीत कधीही ठेवू नये. बंद निवाऱ्यात ही चूल पेटवू नये. जानेवारीनंतर गवत पिवळे पडले की एका सांडलेल्या घोटाने वणवा लागू शकतो. त्या दिवसांत मी चूल घरीच ठेवतो, आणि लाकडे पेटवण्याचा तर प्रश्नच येत नाही, कारण धुराने कड्यावरचे आग्या मोहोळ उठले तर पळायला जागा नसते. आणखी एक व्यावहारिक अडचण अशी की रेल्वेतून ज्वालाग्राही पदार्थ नेण्यास मनाई आहे. कसारा लोकलने येणाऱ्यांनी म्हणूनच बिनचुलीच्या शिदोरीचा विचार आधी करावा.

सॅक सर्वांत शेवटी

बहुतेक जण सुरुवातीलाच साठ लिटरची सॅक घेतात आणि मग ती भरण्यासाठी सामान शोधतात. सॅक सर्वांत शेवटी शिवावी, कारण बाकीचे सामान एकत्र ठेवल्याशिवाय तिचे माप कळत नाही. १९५५ साली सदुसष्ट वर्षांच्या एमा गेटवुड यांनी अमेरिकेतील तीन हजार किलोमीटरांहून लांब ॲपलेशियन ट्रेल घरी शिवलेली डेनिमची पिशवी खांद्यावर टाकून एकटीने पूर्ण केली. आपल्याला त्याहून थोडी अधिक सोय हवी असते, ती म्हणजे दोन खांदेपट्टे. अन्नपाण्यासह आठ-नऊ किलोंपर्यंतच्या ओझ्याला सॅकमध्ये सळ्यांचा सांगाडा लागत नाही. अंथरायचा फोमच नळीसारखा गुंडाळून आत उभा बसवावा आणि त्याच्या पोकळीत सामान भरावे, म्हणजे पाठीला काही टोचत नाही. पावसाचे वेगळे आवरण शिवण्याऐवजी आत कचऱ्याची जाड पिशवी घालावी.

पिशवीचे अंग घरी शिवता येते, परंतु पट्टे जोडताना नायलॉन आणि निवारीचे चार-पाच थर एकत्र येतात आणि घरच्या मशीनची सुई तेथे मोडते. हे काम बॅगा दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या जड मशीनवर करून घ्यावे आणि प्रत्येक जोडावर चौकोन व त्यात फुली अशी शिवण मारायला सांगावे. शिवून झाल्यावर आठ किलो तांदूळ भरून आठवडाभर इमारतीचे जिने चढावेत-उतरावेत. उसवलेच, तर बहुधा खांदेपट्ट्याच्या मुळाशी उसवते. तेथे आतून जाड कापडाचा तळहाताएवढा तुकडा लावून जोड पुन्हा शिवून घ्यावा आणि तांदूळ आणखी दोन दिवस वाहावेत.