आधी अंग भरू द्या, मग कटिंग: पहिल्या फिजिक स्पर्धेआधीच्या या चुका टाळा

गणपती विसर्जन झालं की दरवर्षी कुणी ना कुणी येऊन विचारतंच, "ताई, फेब्रुवारीत स्पर्धा आहे. वुमन्स फिजिकला उभी राहू का?" वुमन्स फिजिक म्हणजे शरीरसौष्ठव स्पर्धेतला बायकांचा एक प्रकार. विचारणारी मुलगी सहा-आठ महिने जिमला जात असते, वजन पन्नासच्या आतबाहेर आणि फोनमध्ये कुणाचा तरी डाएट चार्ट. मी तिला बारखाली उभं करते आणि सांगते, एक पुल-अप मार. बहुतेकींचा एकही होत नाही. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, मलाही पहिला पुल-अप जमायला सात महिने लागले होते. पण ज्या प्रकारात जज सगळ्यात आधी खांदे आणि विंग्ज (पाठीचे काखेखालचे स्नायू) बघतात, त्या प्रकाराला अजून वेळ आहे, एवढं त्यातून समजायला हवं.

मसल नसताना कटिंग सुरू करणं

कटिंग म्हणजे स्पर्धेआधी खाणं कमी करून चरबी उतरवणं. मसल नसताना ते सुरू करण्याची चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की तिच्यावर सविस्तर लिहिणं भाग आहे.

काही वर्षांपूर्वी बँकेत नोकरी करणारी एक मुलगी आली. उंची पाच फूट दोन इंच, वजन ५० किलो. मी म्हटलं, दोन वर्षं दे. तिला पाच महिन्यांत स्टेज हवं होतं. मग ती दुसऱ्या एका ट्रेनरकडे गेली. त्याने पहिल्या दिवसापासून उकडलेल्या अंड्यांचा पांढरा भाग, उकडलेली फरसबी आणि सकाळ-संध्याकाळ तासभर ट्रेडमिल लावली. तेल बंद, भात बंद, पोळी बंद.

मी तिला थेट स्पर्धेच्या रात्री पाहिलं. वजन ४३ वर आलं होतं. पोटावर रेघा होत्या, ते खरं. पण खांद्याचं हाड वर आलेलं, मांड्या वाळलेल्या, आणि पाठमोरी वळली तेव्हा पाठीवर दाखवायला काहीच नव्हतं. सातजणींत सातवी आली. मागे पडद्याआड रडत मला म्हणाली, "ताई, मी तर सगळं पाळलं होतं." तिने खरोखरच सगळं पाळलं होतं, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटलं. एवढी शिस्त असलेली मुलगी, आणि ती शिस्त तिने चुकीच्या कामाला लावली.

कटिंगमध्ये मसल तयार होत नाही. चरबी उतरते आणि खाली जे असेल ते दिसतं. खाली काही नसेल तर हाडं दिसतात. उपाशी शरीराला जास्तीचं कार्डिओ दिलं की आहे तो मसलही ते मोडून खातं.

दोन महिन्यांनी ती परत आली. पुढचे वीस महिने मी तिला स्पर्धेचा शब्द काढू दिला नाही. भात सुरू, पोळी सुरू, रोजचं खाणं गरजेपेक्षा दोन-अडीचशे कॅलरी जास्त. वजन हळूहळू ५५ पर्यंत चढलं. मधे तिच्या आईचा फोन आला, "पोरगी जाड व्हायला लागली हो." ती महिनाभर आरशाशी भांडत होती. मग वीस आठवड्यांचं कटिंग केलं, दर आठवड्याला फार तर तीन-चारशे ग्रॅम. स्टेजवर उभी राहिली तेव्हा वजन ४९ होतं, म्हणजे पहिल्यांदा माझ्याकडे आली त्यापेक्षाही एक किलो कमी. पण फोटो शेजारी ठेवले तर एकाच मुलीचे वाटत नाहीत. नंबर चौथा आला.

नवख्या बाईला पहिल्या वर्षात, सगळं नीट जुळून आलं तर, महिन्याला पाव किलोच्या आसपास खरा मसल मिळतो. काहींना थोडा जास्त मिळतो, पण दुसऱ्या वर्षी सगळ्यांचाच वेग उतरतो. हा आकडा ऐकून चेहरे पडतात, पण हिशोब दुसरा नाही. या प्रकारातली जगातली सगळ्यात मोठी स्पर्धा, वुमन्स फिजिक ऑलिंपिया, २०१३ मध्ये सुरू झाली आणि पहिली विजेती ठरली डॅना लिन बेली. ती काही तेव्हा नव्याने आलेली नव्हती. आधी काही वर्षं फिगर या मसल कमी लागणाऱ्या प्रकारात स्पर्धा केल्या, २०११ मध्ये प्रो (व्यावसायिक स्पर्धक) झाली आणि मग हा किताब. इंस्टाग्रामवरच्या बारा आठवड्यांच्या फोटोंत आधीची वर्षं दिसत नाहीत.

माझी स्वतःची रीत अशी: दहा पुल-अप सलग, आपल्या वजनाइतका बार घेऊन पाच स्क्वॅट आणि वहीत किमान दीड वर्षाच्या नोंदी. यातलं काही कमी असेल तर मी फॉर्म भरू देत नाही. हे शास्त्र नव्हे, माझा हट्ट आहे. पण या हट्टाने आजवर कुणाचं नुकसान झालेलं नाही.

वजन न वाढवता घाम गाळणं

वर्षानुवर्षं पाच किलोच्या त्याच गुलाबी डंबेलने साइड रेझ मारणाऱ्या मुली मी पाहते. घाम येतो, पंप येतो (स्नायू तेवढ्यापुरता फुगतो), फोटोही छान येतो. पण कालच्यापेक्षा आज जास्त काम पडल्याशिवाय मसलला वाढायचं कारणच मिळत नाही.

यात एक अडचण खरी आहे. आपल्याकडच्या बऱ्याच व्यायामशाळा पुरुषांना समोर ठेवून उभ्या राहिल्या, आणि तिथे सगळ्यात छोटी प्लेट अडीच किलोची असते. २० किलोच्या रिकाम्या बारने शोल्डर प्रेस करणारीने दोन्ही बाजूंना अडीच लावले की बार एकदम २५ किलोचा होतो. पाव हिस्सा जास्त! बार वर जात नाही आणि ती समजते की आपली ताकदच नाही. म्हणून माझ्या बॅगेत सव्वा किलोच्या दोन प्लेट कायम असतात. मुलींनाही मी पहिल्या महिन्यात त्याच विकत घ्यायला लावते, हातमोजे आणि कमरेचा पट्टा नंतर. सव्वा-सव्वाने २२.५ होतात, तेही जड गेलं तर २० वरच दोन रेप (उचलण्याच्या खेपा) वाढवायच्या.

आणि वही. ॲप नको, कागदाची वही. तारीख, व्यायाम, वजन, रेप, रात्रीची झोप, पाळीचा दिवस. पाळीच्या आसपास काहींची ताकद उतरते. वहीत दोन-तीन महिने तेच दिसलं की घाबरणं थांबतं. "मागच्या आठवड्यात किती मारलेस?" या प्रश्नाला "अंदाजे..." असं उत्तर आलं की मी त्या दिवशी पुढचा सेट सांगत नाही.

पाठ आणि मागचा खांदा आरशात दिसत नाही, म्हणून त्यांना शेवटी उरलेला वेळ मिळतो. स्टेजवर निम्मा वेळ पाठच दाखवायची असते. आठवड्याचा पहिला वर्कआउट पाठीचा, तोही ताज्या अंगाने.

घरचं जेवण "हेल्दी" आहे म्हणून पुरेसं समजणं

चार पोळ्या, दोन वाट्या वरण, भाजी, भात, एक पेला दूध, थोडं दही. ताट सुंदर आहे, पण प्रथिनं मोजली तर ४० ग्रॅमच्या आसपास निघतात. मसल वाढवायचा तर किलोमागे १.६ ते २.२ ग्रॅम हवीत, म्हणजे ५५ किलोच्या बाईला ९० ते १२० ग्रॅम. पातळ वरणावर हा खड्डा भरत नाही.

घरात वेगळा स्वयंपाक मागायची हिंमत अनेकींना होत नाही, हे मला माहीत आहे. सून असेल तर आणखीच अवघड. म्हणून मी सांगते, घरच्या ताटाला हात लावू नका, त्यात भर घाला. ५० ग्रॅम सोया चंक्स म्हणजे २६ ग्रॅम प्रथिनं, आणि रस्सा घरच्याच वाटणाचा. अंड्याला ६ ग्रॅम, बलकासकट खा. १०० ग्रॅम पनीरला साधारण १८, बांगड्याला २० च्या जवळ. शेंगदाणा मात्र फसवा आहे: १०० ग्रॅमला २५ ग्रॅम प्रथिनं खरी, पण कॅलरी साडेपाचशेच्या वर. अंग भरताना चालेल, कटिंगमध्ये मूठ मोजूनच.

श्रावण आणि नवरात्र यांबद्दल जरा वेगळं बोलायला हवं. मी कुणाच्या श्रद्धेत पडत नाही, माझे स्वतःचे चतुर्थीचे उपवास चुकत नाहीत. पण नऊ दिवस साबुदाण्यावर काढले तर नऊ दिवस नुसता स्टार्च पोटात गेला आणि प्रथिनं जवळजवळ शून्य. दूध, चक्का, पनीर, राजगिरा हे उपवासाला चालतं. व्हे प्रोटीनही दुधापासूनच निघतं, त्यामुळे साधं, काही न मिसळलेलं व्हे घ्यायला आमच्याकडच्या बऱ्याचजणींच्या घरी हरकत घेत नाहीत. आपल्या घरी विचारून घ्या, आठवडाभर आधी. त्या दिवसांत पायांचा सगळ्यात जड वर्कआउट ठेवू नका.

रक्त न तपासता तयारीला लागणं

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. म्हणजे माझ्यासमोर दहाजणी उभ्या असतील तर पाच-सहा जणी दम लागण्याचं कारण जिममध्ये शोधत असतात आणि ते असतं रक्तात. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२, ड जीवनसत्त्व आणि थायरॉइड तपासून, डॉक्टरांना दाखवूनच सुरुवात करा. जेवणावर लगेच चहा नको, त्याने अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. ताटात लिंबू असू द्या.

कटिंगमध्ये पाळी थांबली की काही ट्रेनर ती "तयारी चांगली चालल्याची खूण" म्हणून सांगतात. मला या वाक्याचा संताप येतो. शरीराला पुरेसं अन्न मिळत नाही म्हणून त्याने ते काम बंद केलेलं असतं, आणि पाठोपाठ हाडंही झिजायला लागतात. असं झालं तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा आणि खाणं वाढवा. स्पर्धा पुढच्या वर्षीही होते.

"छोटी गोळी आहे, बायकांना चालते"

नाही चालत. ऑक्सॅन्ड्रोलोन असो की स्टॅनोझोलॉल, ती पुरुषी संप्रेरकाचीच भावंडं आहेत. आवाज घोगरा होतो, आणि गोळी बंद केल्यावर तो परत येईलच असं नाही. गाणं शिकलेली एक मुलगी माझ्या ओळखीत आहे. तिच्या हातात पाच आठवड्यांसाठी पुडी ठेवणाऱ्याने तिला हे सांगितलं नव्हतं. चरबी उतरवायला म्हणून देतात ते क्लेनब्युटेरॉल हृदयाचे ठोके वाढवतं. ही सगळी उत्तेजकांच्या बंदी यादीत आहेत, आणि शेवटच्या आठवड्यात पाणी काढायला देतात त्या लघवीच्या गोळ्याही. चिठ्ठीशिवाय, वेष्टनाशिवाय हातात ठेवलेलं काहीही तोंडात घालू नका, देणारा कितीही मोठ्या किताबाचा मानकरी असला तरी. पूरक म्हणून मी फक्त व्हे आणि रोज ३ ते ५ ग्रॅम क्रिएटिन (ताकदीसाठी घेतात ती पावडर) सांगते.

पाणी तोडणं हा त्याचाच धाकटा भाऊ. मसलमध्ये तीन चतुर्थांश पाणी असतं. पाणी तोडलं की मसल सपाट पडतो, आणि चक्कर येऊन पडलात तर तेही स्टेजवरच.

बाकीच्या चुका

प्रकार न समजता फॉर्म भरणं: फिगरमध्ये टाचांचे बूट आणि चारी बाजूंनी वळणं असतं. आंतरराष्ट्रीय नियमांत फिजिकला पाय अनवाणी, पोझ देताना हात उघडे, मूठ वळायची नाही. आपल्याकडे संघटना एकाहून अधिक आहेत, तेव्हा जिथे उतरायचं तिथली नियमावली हातात घेऊन वाचा.

पोझिंग शेवटच्या महिन्यावर टाकणं: रोज दहा मिनिटं, पहिल्या दिवसापासून, आरशाकडे पाठ करूनसुद्धा. श्वास न अडवता हसता आलं पाहिजे.

टॅनचा (स्टेजसाठी अंगाला लावायच्या गडद रंगाचा) पहिला हात स्पर्धेच्या दिवशी लावणं: आदल्या रात्री लावा, आणि पंधरा दिवस आधी हातावर छोटा तुकडा लावून बघा.

झोप: लोकलचे दोन तास धरून आखा. पहाटे साडेचारला उठून वर्कआउट आणि रात्री बाराला झोप, यात अंग भरत नाही.

आणि स्पर्धेच्या रात्रीचा डबा न नेणं. पत्रिकेवर सहा लिहिलेलं असतं. मग पाहुणे येतात, शाल-श्रीफळ होतं, भाषणं होतात, पुरुषांचे गट संपता संपत नाहीत. मुलींना दहानंतर बोलावलेलं मी किती तरी वेळा पाहिलं आहे. तोपर्यंत उपाशी बसलेलीचा पंप कधीच उतरलेला असतो. डब्यात मोकळा भात थोडं मीठ घालून, दोन पिकलेली केळी, राजगिऱ्याची चिक्की आणि पाण्याची बाटली ठेवा. गट पुकारायच्या अर्धा तास आधी केळं, मग रबरी बँडने खांदे गरम करा, आणि डबा मैत्रिणीकडे द्या. उतरल्यावर तिथेच उभ्याने खायचा आहे.