चीनमध्ये माल विकायचाय? मग या चुका टाळा

"एखादा मोठा स्ट्रीमर, म्हणजे लाइव्ह व्हिडिओवर माल विकणारा, गाठा, एका रात्रीत माल संपेल." शांघायमधल्या नोकरीत हे इतक्यांदा ऐकलंय की आता मी नुसती मान डोलावतो.

एका युरोपियन शाम्पूवाल्यांनी 11 नोव्हेंबरच्या मोठ्या ऑनलाइन सेलला एका स्ट्रीमरच्या लाइव्हस्ट्रीममध्ये जागा घेतली. या जागेच्या पैशांना चिनीत जो शब्द आहे, त्याचं पहिलं अक्षर म्हणजे 'खड्डा'. भाडं 80 हजार युआन, वर विक्रीवर 20 टक्के कमिशन. 129 युआनच्या 2,300 बाटल्या आठ मिनिटांत गेल्या. ऑफिसात पेढे वाटायचे तेवढे बाकी होते. पुढच्या आठवड्यात 920 बाटल्या परत आल्या. ऑनलाइन घेतलेला माल न फोडता सात दिवसांत कारण न सांगता परत करता येतो, 2014 पासून तसा कायदाच आहे. त्यात सेलमध्ये ठरावीक रकमेची खरेदी झाली की सूट मिळते. मग लोक आकडा गाठायला काहीबाही उचलतात आणि नंतर परत पाठवतात. आमचा शाम्पू त्या काहीबाहीत होता.

कमिशन आणि भाडं वजा जाता परत न आलेल्या बाटलीमागे उरले 45 युआन. शांघायच्या गोदामात पोचेपर्यंतच ती 60 ला पडली होती. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच. एवढं होऊनही साहेबांचा प्रश्न, "पुढचा स्ट्रीमर कोण?"

मी आता पहिले तीन महिने मोठ्या नावाच्या वाटेला जात नाही. शाओहोंगशू या इन्स्टाग्रामसारख्या चिनी ॲपवर चार-पाच हजार फॉलोअर असलेली वीसेक खाती निवडतो आणि त्यांना बाटल्या पाठवतो. तिथे या प्रकाराला 'गवत लावणं' म्हणतात, आणि गवत उगवायला वेळ लागतो हे घाईवाल्यांना कोण सांगणार! खातं निवडताना फॉलोअर बघत नाही, चिनी सहकारिणीला शेजारी बसवून शेवटच्या तीस पोस्टखालच्या कमेंट वाचतो. "तेलकट केसांना चालेल का?", "कुठे मिळतं?" असं कुणी विचारत असेल तर खातं जिवंत. नुसती फुलं आणि टाळ्या असतील तर ती भाड्याची माणसं, तिकडच्या भाषेत 'पाण्याची फौज'. पैसे देऊन खरेदीच्या लिंकसकट अनुभव लिहून घेतलात तर 'जाहिरात' असं स्पष्ट लिहावं लागतं. मे 2023 पासून तसा नियम आहे.

इन्स्टाग्रामचं रील चिनी सबटायटल लावून चालवू नका. इन्स्टाग्राम तिथे 2014 पासून बंद आहे, आणि परदेशात बसून केलेली गंमत किती महागात पडते ते 2018 साली डोल्चे अँड गबाना या इटालियन फॅशन ब्रँडच्या, चॉपस्टिकने पिझ्झा खाण्याच्या व्हिडिओने दाखवलं. शांघायचा शो रद्द झाला. हाँगकाँग किंवा तैवान देशांच्या यादीत टाकू नका. किंमत 250 ठेवू नका, चिनीत त्याचा अर्थ 'अर्धवट डोक्याचा' असा होतो. आणि हे सगळं पुण्यात बसून सांभाळता येईल असं वाटत असेल, तर जून 2020 मध्ये आपल्याकडे बंद झालेल्या 59 चिनी ॲपमध्ये वीचॅट आणि वेइबो ही तिथली रोजच्या वापरातली ॲपही होती हे आठवा.

माझं खास दुखणं मात्र एका अक्षराचं आहे. 'झ्वेइ', म्हणजे 'सर्वात'. इंग्रजी जाहिरातीतलं 'बेस्ट' चिनीत आलं की हे अक्षर हटकून येतं. 2015 च्या सुधारित जाहिरात कायद्यानुसार 'सर्वोत्तम', 'सर्वोच्च', 'राष्ट्रीय दर्जाचा' हे शब्द चालत नाहीत. दंड 2 लाखांपासून 10 लाख युआनपर्यंत. असे शब्द हुडकून तक्रारी करणं हाच धंदा असलेली माणसं तिकडे आहेत. एका साबणवाल्यांनी भाषांतर फुकटच्या ॲपवर उरकलं होतं. त्यांच्या गोदामात दोन मुली तीन दिवस पांढऱ्या स्टिकरचे नखाएवढे चौकोन कापून खोक्याखोक्यावर चिकटवत बसल्या होत्या, एकेका चौकोनाखाली तेच अक्षर. काही तिरके लागले, त्यामुळे नजर नेमकी तिथेच जायची.

आता छपाईला द्यायच्या आधी मी अख्ख्या फाइलमध्ये तेवढं एक अक्षर शोधतो. गेल्या महिन्यात तीन ठिकाणी सापडलं.